चारशे बारा शेरे

टाळ्या वाजायला लागल्या तेव्हा श्यामलाताईंनी मागे वळून पाहिलं. त्यांना वाटलं, दारातून कुणी मोठे पाहुणे आले असणार. दारात फक्त चहाची किटली घेतलेला माणूस उभा होता, आणि तोसुद्धा त्यांच्याकडेच बघत होता!

"अहो, तुमच्यासाठीच वाजवतायत," शेजारची बाई कोपराने ढोसत म्हणाली. "उभ्या तरी राहा!"

श्यामलाताई उभ्या राहिल्या. पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात त्यांच्यासाठी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. लग्नात वाजल्या असतील, पण तेव्हा लोकांचं लक्ष पंगतीकडे होतं. त्या इतक्या गोंधळल्या की त्यांनी स्वतःसुद्धा दोन टाळ्या वाजवून घेतल्या.

स्वारगेटजवळच्या एका सभागृहात ग्रंथालयांत काम करणाऱ्यांचं सहा दिवसांचं प्रशिक्षण चाललं होतं. श्यामलाताई वारज्याच्या सार्वजनिक वाचनालयातून आल्या होत्या. हुद्दा सहायक. सहायक म्हणजे काय, तर कुलूप उघडणं, झाडणं, पुस्तकं देणं, परत घेणं, फाटलेली चिकटवणं आणि पुन्हा कुलूप लावणं. ग्रंथपालांची जागा चौदा वर्षं रिकामीच होती. मग श्यामलाताई नेमक्या कुणाला साहाय्य करत होत्या, हे त्यांनाही कधी कळलं नव्हतं.

शिकवायला पद्मजा मॅडम होत्या. बारीक अंगाच्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांनी विचारलं होतं, "तुमच्या वाचकांबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?" कुणी म्हणालं नाव, कुणी पत्ता, कुणी फोन नंबर. श्यामलाताईंची पाळी आली तेव्हा त्या खाली बघत म्हणाल्या, "मी कार्डाच्या मागे पेन्सिलीने शेरा लिहिते."

"कसला शेरा?"

"म्हणजे... कुणाला काय द्यायचं, कुणाला काय नाही. आमच्याकडे एक मंदाकिनी आजी येतात. मिस्टर गेल्यापासून त्यांना दुःखी शेवट सोसत नाही. मग मी आधी शेवटची पानं वाचते, आणि मगच देते."

आणि मग त्या टाळ्या!

"बघा," पद्मजा मॅडम म्हणाल्या. "लोकांपर्यंत पोचायचं म्हणजे नुसती पुस्तकांची पेटी घेऊन दारोदार फिरायचं नाही. माणूस कळला पाहिजे. श्यामलाताई, संगणकावर नोंदी घ्याल तेव्हा यातला एकही शेरा सोडू नका. फक्त एक. हे सगळं तुमच्यापाशीच राहिलं पाहिजे. बाहेर नाही."

श्यामलाताईंनी वहीत लिहून घेतलं, 'आपल्यापाशीच.' खाली दोन रेघा मारल्या. लाल शाईने!

त्यांना हे कुणी सांगायची गरजच नव्हती खरं तर. कारण त्यांच्या पेटीत चारशे बारा कार्डं होती, आणि त्यातल्या एका कार्डामागचा शेरा त्यांनी नवऱ्यालासुद्धा सांगितला नव्हता.

ते कार्ड सर्जेराव अण्णांचं होतं.

सर्जेराव अण्णा वाचनालयाचे अध्यक्ष. वारजे शहरात आलं, सोसायट्या उभ्या राहिल्या, तेव्हा अण्णांच्या ज्वारीच्या रानावर तीन इमारती झाल्या. त्यातल्या एका इमारतीचा पहिला मजला अण्णांनी वाचनालयाला देऊन टाकला, भाडंबिडं काही नाही. दर शनिवारी अकरा वाजता ते यायचे. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा नेहरू शर्ट, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, काखेत पुस्तक. खिडकीपाशी खुर्ची टाकून तासभर पानं उलटायचे. खालून जाणारी माणसं एकमेकांना दाखवायची, "बघ, अण्णांचं वाचन बघ!" कुणाचा मुलगा नापास झाला की अण्णा त्याला भर चौकात झापायचे. "पुस्तक उघडत जा की लेका! ह्या वयात मी बसतो का न्हाई वाचत?"

अकरा वर्षांपूर्वी बाइंडरने एक घोळ केला होता. दहा-बारा पुस्तकं बांधून परत आली, त्यातल्या एकाचं कव्हर होतं ठिबक सिंचनाचं आणि आत होतं लोकरीच्या विणकामाचं पुस्तक. ते सुद्धा उलटं शिवलेलं! श्यामलाताईंनी ते बाजूला काढून ठेवायच्या आत अण्णांनी कव्हरावरचं शेताचं चित्र बघून काखेत मारलं होतं. पुढच्या शनिवारी पुस्तक टेबलावर ठेवत अण्णा म्हणाले, "लई झ्याक लिवलंय. शेतकऱ्याला असंच पायजेल."

श्यामलाताईंनी पुस्तक उघडलं. दोन सुलट, एक उलट, टाका गाळा. चित्र एकही नाही, आणि सगळं डोकं खाली पाय वर. अण्णांना वाचता येत नाही! अख्ख्या वाचनालयाच्या अध्यक्षांना!

ते पुस्तक त्यांनी टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात टाकलं. पुन्हा कुणाला दिलं नाही, दुरुस्तीलाही पाठवलं नाही. आणि अण्णांच्या कार्डामागे अगदी बारीक अक्षरात तीन ओळी लिहिल्या:

अक्षरओळख नाही.
चित्रांची पुस्तकं द्यावीत.
कुणालाही कळू देऊ नये.

तेव्हापासून अण्णांसाठी खास पुस्तकं निघायची. किल्ल्यांची, पाखरांची, बैलांच्या जातींची, जुन्या विहिरींची, जहाजांची. अण्णा खूश. गावात मान ताठ. ही मान आयुष्यात कधी खाली गेली नव्हती, आणि एकदा जरी चारचौघांत खाली गेली असती तरी पुन्हा वर आली नसती, हे श्यामलाताईंना पक्कं ठाऊक होतं.

प्रशिक्षणाहून आल्यावर श्यामलाताई अशा काही पेटल्या की विचारू नका! आधी संगणक. दोन महिने त्या एका बोटाने टाइप करत होत्या. नाव, पत्ता, जन्मतारीख, फोन, आणि सगळ्यात शेवटच्या रकान्यात शेरा. एकही सोडला नाही. शेऱ्याचा रकाना इतका उजवीकडे गेला की पडद्यावर तो दिसायचाच नाही. बाण दाबत दाबत सरकावं लागायचं. काम संपल्यावर श्यामलाताईंनी तिकडे सरकणं सोडून दिलं. फोन नंबरपर्यंत दिसायचं, तेवढं पुरायचं.

मग वाचक मेळावा ठरला. पद्मजा मॅडम म्हणाल्याच होत्या, "लोकांना एकत्र बोलवा, गावातले आणि सोसायटीतले एका सतरंजीवर बसू देत." मेळाव्यात सगळ्यांना नवी कोरी छापील कार्डं द्यायची, ही कल्पना मात्र श्यामलाताईंची स्वतःची. एका छापखान्याला त्यांनी संगणकावरच्या नोंदींची फाईल पाठवली.

छापखान्याच्या माणसाचा फोन आला. "मॅडम, यातलं काय काय घ्यायचं कार्डावर?"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आदल्या वर्षी निमंत्रणपत्रिकेत उपाध्यक्षांचं नाव छापायचं राहिलं होतं. उपाध्यक्षांनी तीन महिने वाचनालयाची पायरी चढली नव्हती, आणि रस्त्यात भेटले की श्यामलाताईंना म्हणायचे, "कोण आपण? आपली ओळख छापलेली दिसत नाही." ते आठवून श्यामलाताई फोनवर जवळजवळ ओरडल्या.

"फाईलमध्ये जे आहे ते सगळं! एक शब्द गाळायचा नाही. गाळलात तर कार्डं परत करीन!"

"एवढं सगळं पुढे बसणार नाही."

"मग मागे घ्या! पण गाळायचं नाही म्हणजे नाही!"

"बरं मॅडम," तो माणूस म्हणाला. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? त्याने सांगितलेलं ऐकलं!

कार्डं मेळाव्याच्या दिवशी सकाळी आली. प्रत्येक कार्ड छोट्या पाकिटात, पाकीट चिकटवलेलं, वर नाव. उघडून बघावं असं श्यामलाताईंच्या मनात आलं होतं. तेवढ्यात पद्मजा मॅडमची रिक्षा देवळापाशी थांबली, आणि ते राहून गेलं.

देवळाच्या सभामंडपात दोनशे तरी माणसं जमली होती. श्यामलाताईंचा विश्वास बसेना. गावातल्या बायका एका बाजूला, सोसायटीतल्या एका बाजूला, पण सतरंजी एकच! पहिल्या रांगेत दीनानाथराव बसले होते. हे पेठेतून वारज्याला राहायला आलेले, चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झालेले गृहस्थ. फलकावरचं 'सहर्ष स्वागत' त्यांनी दोनदा तपासलं आणि चूक सापडली नाही म्हणून जरा खट्टू झाले.

पहिलं पाकीट पद्मजा मॅडमच्या हस्ते अण्णांना. टाळ्या! अण्णांनी ते नेहरू शर्टाच्या खिशात ठेवलं. पुढची पाकिटं अण्णा वाटणार आणि श्यामलाताई शेजारी उभं राहून नावं पुकारणार. ही व्यवस्था त्यांनीच केली होती. अण्णांना सांगताना मात्र, "तुमच्या घशाला ताण नको," असं सांगितलं होतं.

तीस-चाळीस पाकिटं वाटून झाली. सगळं कसं छान चाललं होतं. श्यामलाताईंना वाटलं, आता पुन्हा एकदा टाळ्या वाजणार.

"हे काय आहे?"

आवाज हेमाताईंचा होता. सोसायटीच्या चिटणीस. त्या कार्ड उलटं धरून उभ्या होत्या. "'शेवटचं पान आधी वाचतात. मग खुनी कोण ते बाकीच्यांना सांगतात. रहस्यकथा सगळ्यात शेवटी द्यावी.' श्यामलाताई, हे काय छापलंय?"

श्यामलाताईंच्या हातातलं पाकीट खाली पडलं.

क्षणभर कुणाला काही समजलंच नाही. आणि मग सगळ्या सभामंडपात एकदम कागद फाटल्याचा आवाज. टर्रर्र! टर्रर्र! ज्याला मिळालं नव्हतं तोसुद्धा शेजारच्याच्या कार्डात डोकावायला लागला.

"आरं, माझ्यावर लिवलंय, 'पुस्तकाला तंबाखूचा वास येतो. यांच्यानंतर ते आठ दिवस उन्हात ठेवावं,'" गेनबा मोठ्याने वाचून थबकला. मग त्याने स्वतःचा हात हुंगून बघितला.

शकूने आपलं कार्ड पदराखाली लपवलं, पण शेजारी सासू बसली होती. तुळजाबाईंनी ते ओढून घेतलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं, "'सासूला कळू नये. पुस्तक भाजीच्या पिशवीत तळाला ठेवून द्यावं.'" त्यांचे डोळे विस्फारले. "अगं बया! म्हंजी कोथमीर रोज चेंगरलेली असायची ती ह्यापायी व्हय?"

लोक हसले. सगळेच नाही. तिसऱ्या रांगेतले एक गृहस्थ कार्ड मुठीत चुरगाळून सरळ चालते झाले. त्यांच्या मागोमाग एक जोडपं उठलं. श्यामलाताईंना दिसत होतं ते फक्त एकच: संगणकाचा पडदा, आणि त्याच्या उजवीकडे, पलीकडे, न दिसणारा तो रकाना. सगळं छापा. एक शब्द गाळू नका. पद्मजा मॅडम खुर्चीच्या कडेवर येऊन बसल्या होत्या आणि त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता.

"माझंही ऐका," दीनानाथराव उठले. कार्ड हातभर लांब धरून त्यांनी वाचलं, "'छापील चुका लाल पेन्सिलीने सुधारतात. समजावू नये. समजावणाऱ्याच्याही चुका काढतात.'" ते थांबले. "वा! भाषा स्वच्छ आहे. लेखिकेचं अभिनंदन. एवढा स्पष्टवक्तेपणा आम्ही पेठेतसुद्धा पाहिला नव्हता."

आणि मग ते झालं. मागच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "अण्णांचं काय लिवलंय? अण्णांचं वाचा की!"

"हां, अण्णांचं! अण्णांचं!"

श्यामलाताई झटकन अण्णांकडे वळल्या. खिशात! ते कार्ड अण्णांच्या खिशात होतं, त्यांच्यापासून दोन हातांवर, पाकिटाचं टोक बाहेर आलेलं.

अण्णा हसत होते. त्यांना गंमत वाटत होती. त्यांनी पाकीट काढलं, फाडलं, कार्ड उलटं केलं आणि नेहमीप्रमाणे डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले. तीनदा. मग म्हणाले, "बारीक लिवलंय लेको. चष्मा इसरलो आज."

चष्मा त्यांच्या गळ्यातच होता. दोरीला लोंबकळत होता!

"अण्णा, द्या इकडे, मी वाचते," म्हणत श्यामलाताई पुढे झाल्या.

"थांब पोरी. दीनानाथराव, तुम्ही वाचा. तुमच्यावानी खणखणीत आवाज न्हाई कुनाचा."

"नको!" श्यामलाताई इतक्या जोरात किंचाळल्या की देवळातली कबुतरं उडाली. "म्हणजे... माझं अक्षर... मीच वाचते ना!"

"हे छापील आहे बाई, अक्षराचा प्रश्न येत नाही," दीनानाथरावांनी कार्ड हातात घेतलं. "आपण पुष्कळ लिहिलंत. आता वाचायचं काम आमच्याकडे असू द्या."

त्यांनी चष्मा लावला. दीनानाथराव वाचताना आधी एक भुवई वर न्यायचे आणि चूक सापडली की दुसरी. श्यामलाताईंनी बघितलं, पहिली भुवई वर गेली. मग दुसरी गेली. आणि दोन्ही तिथेच राहिल्या.

दीनानाथरावांनी कार्डावरून अण्णांकडे पाहिलं. अण्णा हसत उभे होते, वाट बघत. मग त्यांनी श्यामलाताईंकडे पाहिलं. श्यामलाताईंनी हात जोडले होते की नुसतेच एकमेकांत गुंतवले होते, हे त्यांचं त्यांनाही नंतर आठवलं नाही.

दीनानाथरावांनी घसा साफ केला.

"'पुस्तकं वेळेवर परत करतात,'" ते वाचू लागले. "'खिडकीजवळच्या खुर्चीत बसून वाचता वाचता झोपी जातात. झोपेत घोरतात. घोरण्याचा आवाज पार खालच्या किराणा दुकानापर्यंत पोचतो. इतर वाचकांची तक्रार आहे. तथापि अध्यक्ष असल्याने उठवण्याचं धाडस कुणी करू नये.'"

मग असा हशा फुटला की बस्स! अण्णांची बायको बायडाबाई बायकांमधून ओरडल्या, "घरी बी असंच हाय! पर मी उठिवती!" अण्णासुद्धा पोट धरून हसायला लागले.

श्यामलाताईंना हसू येईना, रडू येईना. त्या नुसत्या दीनानाथरावांकडे बघत राहिल्या. हा माणूस! छापलेल्या शब्दातली एक वेलांटी चुकली तरी ज्याला रात्रभर झोप लागत नाही, तो माणूस चारशे डोळ्यांसमोर कार्डावर नसलेलं वाचत होता. धडाधड. न अडखळता!

"यात एक दुरुस्ती आहे," दीनानाथराव कोरड्या आवाजात म्हणाले आणि कार्ड त्यांनी स्वतःच्या खिशात टाकलं. "करून परत देईन."

त्यानंतर श्यामलाताईंनी माईक घेतला आणि सगळ्यांसमोर माफी मागितली. चूक माझी, छापखान्याची नाही, कार्डं परत द्या, हे सगळं त्या एका दमात बोलल्या. काहींनी दिली. हेमाताईंनी कार्डाबरोबर सदस्यत्वही परत केलं. मंदाकिनी आजी काठी टेकत जवळ आल्या आणि म्हणाल्या, "मी आपली समजत होते, हल्लीचे लेखक फार आनंदी झालेत. सगळ्यांचे शेवट गोड." एवढं बोलून त्यांनी श्यामलाताईंच्या गालावरून हात फिरवला, आणि कार्ड मात्र दिलं नाही. ते त्यांनी बटव्यात ठेवलं.

निघताना पद्मजा मॅडम म्हणाल्या, "त्या दिवशी पहिली टाळी मी वाजवली होती, श्यामलाताई. म्हणून आज पहिली मीच बोलते. लोकांनी तुमच्यावर विश्वास टाकला, आणि तुम्ही एकदा उघडूनही पाहिलं नाहीत?" त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठवडाभरात अकरा जणांनी नाव काढलं. नवल म्हणजे एकोणीस नवे आले. "माझ्याबद्दल काय लिहिणार, ते आधी सांगा," असं विचारत आले! श्यामलाताईंना त्याचंही काही वाटलं नाही. त्यांचे डोळे शनिवारकडे लागले होते.

शुक्रवारी दीनानाथराव आले. त्यांनी ते कार्ड टेबलावर ठेवलं. मागच्या तीन ओळी लाल पेन्सिलीने पूर्ण खोडलेल्या होत्या. श्यामलाताई काही बोलणार, तोच त्यांनी हात वर केला.

"आभारप्रदर्शन नको. चाळीस वर्षं मी लोकांचं छापलेलं वाचलं. सगळंच मोठ्याने वाचायचं नसतं, एवढं कळतं मला." दारापर्यंत जाऊन ते वळले. "आणि तुमच्या माफीच्या भाषणात 'दिलगीर' शब्द चार वेळा आला. दोनदा पुरला असता."

शनिवारी अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. अण्णा आले नाहीत. श्यामलाताई खिडकीकडे बघत होत्या आणि खुर्ची रिकामी होती. साडेअकराला जिन्यावर पावलं वाजली. अण्णा वर आले, पण खिडकीकडे गेले नाहीत. सरळ टेबलापाशी आले आणि श्यामलाताईंसमोर बसले. वाचनालयात दुसरं कुणी नव्हतं.

"दीनानाथरावानी वाचलं ते कार्डावर न्हवतं," अण्णा म्हणाले.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कुनी कशाला सांगायला पायजे? कार्ड माझ्या हातात व्हतं की. वळी इनमिन तीन. आखूड आखूड. आन् त्यो बाबा बोलला किती येळ!" अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मला वाचता येत न्हाई पोरी. मोजता येतं."

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजत होता. श्यामलाताईंना तो फार लांबून आल्यासारखा वाटला. अकरा वर्षं जे झाकून ठेवलं, ते अण्णा स्वतःच्या तोंडाने म्हणाले होते!

"काय लिवलंय? खरं वाच."

श्यामलाताईंनी ते खोडलेलं कार्ड उचललं. वाचायची गरजच नव्हती, पण त्या कार्डाकडे बघत हळू म्हणाल्या, "अक्षरओळख नाही. चित्रांची पुस्तकं द्यावीत. कुणालाही कळू देऊ नये."

अण्णांनी खोडलेल्या ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "कवापासनं म्हाईत हाय तुला?"

"अकरा वर्षं झाली."

"अकरा?" अण्णा खुर्चीत मागे रेलले. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. "म्हंजी ती किल्ल्यांची पुस्तकं, पाखरांची, हिरींची, ती समदी तू..."

"हो अण्णा."

"आन् मला वाटायचं, अलीकडं पुस्तकं अशीच असत्यात! चित्रांचीच. मी म्हनायचो, लोकं उगंच म्हनत्यात वाचून डोळं दुखतात. मला तर लई गोडी लागली व्हती!"

श्यामलाताई हादरूनच गेल्या. त्यांना वाटायचं, अण्णा अकरा वर्षं वाचायचं सोंग करतायत. सोंग नव्हतं ते! त्या खुर्चीत बसून अण्णा खरोखरीच त्या विहिरींत उतरत होते, खरोखरीच किल्ले चढत होते.

"पर तुला कळलं कसं?" अण्णांनी विचारलं.

श्यामलाताईंनी सगळ्यात खालचा खण ओढला. ठिबक सिंचनाचं कव्हर. त्यांनी ते उघडून अण्णांसमोर धरलं आणि काय आहे ते सांगितलं. विणकाम. लोकरीचं. तेही उलटं. अण्णांनी पुस्तकाकडे पाहिलं, श्यामलाताईंकडे पाहिलं, आणि मग ते असे हसत सुटले की डोळ्यांतून पाणी यायला लागलं. टोपीने डोळे पुसून ते पुन्हा हसले. दुसऱ्यांदा पुसले तेव्हा मात्र हसत नव्हते.

"ह्ये माझ्या नावावर लिव," ते म्हणाले. "घरी नेतो."

"हे? अण्णा, याचं काय करणार?"

"बायडा चौथी शिकलीय. पन्नास वर्षं झाली लग्नाला. तिला कधी म्हनलो न्हाई, वाचून दाव म्हनून. म्हनायचं तर आधी सांगाया लागलं असतं ना." अण्णांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "आज सांगतो. हसंल लई. हसू दे."

श्यामलाताईंनी संगणकावर अण्णांचं नाव काढलं. पुस्तकाची नोंद केली, तारीख टाकली. मग सवयीने बाण दाबत दाबत त्या उजवीकडे गेल्या, पार शेवटच्या रकान्यापर्यंत. तिथल्या तीन ओळी त्यांनी पुसल्या. रकाना रिकामा झाला. काळी रेघ लुकलुकत राहिली.

"अण्णा," त्यांनी विचारलं, "इथे आता काय लिहू?"

अण्णा पुस्तक काखेत मारून जिन्यापर्यंत गेले होते. ते वळले.

"काय नगं लिवू," ते म्हणाले. "ध्यानात ठेव."